ओळखीचे चोर

‘ऑफसेट’ हा शब्द मला कुणी शिकवावा लागला नव्हता. बारावी करून शिरूरकडच्या गावातून पुण्यात आलो, तेव्हा पहिली नोकरी लागली ती नारायण पेठेतल्या एका छापखान्यात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपती मंडळांचे अहवाल. चार वर्षं ऑफसेट मशीनच्या शेजारी उभा राहून कागद मोजले. त्यामुळे २०२३ च्या दिवाळीआधी कंपनीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये जर्मनीतल्या गिऱ्हाइकाकडच्या बाईंनी “आर यू यूझिंग एनी ऑफसेट्स?” असं विचारलं, तेव्हा अख्ख्या मीटिंगमध्ये मला नीट समजलेलं ते पहिलंच वाक्य होतं. खोक्यांवरची लेबलं माझ्याकडे असतात. मी माइक चालू केला आणि छाती काढून सांगितलं, “नो मॅडम, नाऊ ओन्ली डिजिटल.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी “ओके” म्हणून काहीतरी टाइप केलं आणि आमच्या साहेबांनी घाईघाईने विषय बदलला. नंतर चहाला बाजूला घेऊन म्हणाले, “अरे बाबा, कार्बन ऑफसेट. आपण इथे जो धूर सोडतो, त्याच्या बदल्यात दुसरीकडे झाडंबिडं लावायला पैसे देऊन हिशेब मिटवायचा, ते.”

मी भोसरी एमआयडीसीत नट-बोल्ट बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅचला आहे. तिथे हवामान बदलाचा विषय कुठून आला, असं मलाही वाटलं होतं. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून युरोपने बाहेरून येणाऱ्या लोखंड, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालाबरोबर तो बनवताना किती कार्बन हवेत सोडला ह्याचा हिशेबही मागायला सुरुवात केली, आणि त्या यादीत बोल्टही आहेत. माल पाठवणारा मी, म्हणून कागद मागणाऱ्या मेल माझ्याकडे. चलन आणि पॅकिंग लिस्टपुरतं माझं इंग्रजी बरं होतं. ह्या मेल वाचताना मात्र प्रत्येक ओळीत ठेच लागायची.

आधी क्लास लावून पाहिला होता. अप्पा बळवंत चौकाजवळ, फी आगाऊ. सर रोज वीस शब्द द्यायचे, एबीसीडीच्या क्रमाने. चार महिन्यांत ‘सी’पर्यंत पोचलो आणि तोवर ‘ए’ विसरलो. अबंडंट, ॲब्सर्ड, ॲकम्प्लिश. हे शब्द एकमेकांना ओळखत नव्हते, तर मला काय ओळखणार?

मग सुचलं ते साधं होतं. मेलमध्ये येणारेच शब्द कंपनीच्या रिसेप्शनवरच्या इंग्रजी पेपरात दिसायचे. गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवलं, तो कालचा पेपर माझ्यासाठी बाजूला ठेवायचा. मी शिवाजीनगरला राहतो. मनपावरून भोसरीची बस पकडली की पाऊण तास ते तास हातात असतो, बसायला जागा मिळाली तर. रोज हवामानाची एकच बातमी वाचायची असं ठरवलं. ह्या बातम्यांची एक सोय म्हणजे त्यांत तेचतेच शब्द पुन्हा येतात. एमिशन, टार्गेट, हीटवेव्ह, ॲडाप्टेशन. आज निसटला तर परवा परत भेटतो, फक्त कधी केरळच्या पावसात, कधी कॅनडाच्या वणव्यात.

वही म्हणून जुन्या डिस्पॅच रजिस्टरची उरलेली पानं वापरली. पहिल्या दिवशी एका बातमीतून एकेचाळीस शब्द काढले. प्रत्येकाचा अर्थ मोबाइलवर पाहून समोर लिहिला आणि बस दापोडीला पोचेस्तोवर डोकं जड झालं. चौथ्या दिवशी वही पिशवीतून बाहेरच आली नाही. मग पाचवर आणलं. पाच शब्द, आणि शब्द एकटा लिहायचा नाही, तो ज्या वाक्यात आला ते अख्खं वाक्य लिहायचं. हे माझं डोकं नव्हे. डिस्पॅचची सवय. नुसता पार्ट नंबर लिहून चालत नाही, कुठल्या खोक्यात, कुठल्या गाडीत, हेही लागतं.

तरी घोळ चालूच राहिला. मला येत नाहीत ते शब्द मी शोधत होतो. फसवत होते ते येणारे शब्द.

हे लक्षात आणून दिलं आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी. काका वेधशाळेतून निवृत्त. एका संध्याकाळी जिन्यात बसून वही दाखवली. एका वाक्याखाली मी अर्थ लिहिला होता. वाक्य असं, की समुद्र हे जगातलं एक मोठं ‘कार्बन सिंक’ आहे. मी लिहिलं होतं, ‘समुद्रात कार्बन बुडतो.’ काका म्हणाले, “सिंक म्हणजे काय?”

“बुडणे. नाहीतर भांडी घासायचं.”

“मग भांड्यांचंच घे. सगळं सांडपाणी जिथे ओततोस आणि विसरतोस, ते. आपण जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. जंगलं आणि जमीन आणखी काही घेतात. बाकीचा हवेत राहतो.”

अर्थ चुकला ह्यापेक्षा मला दुसरंच लागलं. तो शब्द मी डिक्शनरीत पाहिलाच नव्हता. येतो म्हटल्यावर कोण पाहतं? काका म्हणाले, “जो शब्द येत नाही, त्याच्यापाशी तू थांबतोस. जो येतो, त्याला तू गेटपास न बघता आत सोडतोस.” त्या रात्री रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात मथळा टाकला, ‘ओळखीचे चोर’. पहिली नोंद ऑफसेट, दुसरी सिंक.

ते पान भराभर भरलं. ‘मीन टेंपरेचर’मधला मीन, जो दुष्ट नाही, सरासरी आहे. बंगालच्या उपसागरातलं ‘डिप्रेशन’, म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र बळावत गेलं की त्याची पुढची पायरी. ‘डेथ टोल’ वाचताना मला इतकी वर्षं खेड शिवापूरचा नाकाच दिसायचा. ‘ड्राय स्पेल’मध्ये स्पेलिंगही नाही आणि जादूही नाही, पावसाने दिलेली उघडीप आहे. मान्सूनचं ‘विथड्रॉवल’ बँकेतल्यासारखंच, फक्त काढून घेणारा दुसरा.

सगळ्यात बिलंदर चोर निघाला ‘नॉर्मल’. पाऊस नॉर्मल होणार, अशी बातमी एप्रिलमध्ये बऱ्याचदा येते. मी समजायचो, म्हणजे सगळं ठीक होणार. काकांनी चष्मा काढला, म्हणजे आता वेळ लागणार. देशात जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस ८७ सेंटिमीटर धरतात, १९७१ ते २०२० ह्या पन्नास वर्षांवरून काढलेला. त्याच्या ९६ ते १०४ टक्के पडला की वेधशाळेच्या भाषेत नॉर्मल. “आता बघ,” काका म्हणाले, “तुझ्या गावाला जुलैभर थेंब नाही आणि सप्टेंबरात चार दिवसांत सगळा कोसळला. पीक गेलं. पण बेरीज जमली की तुझं गावसुद्धा नॉर्मलच.” गावाकडच्या आमच्या आप्पांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, “ही बेरीज करणाऱ्याला पेरायला लाव एकदा.”

एक शब्द मात्र उलटा निघाला. ‘पीपीएम’. बातमीत होतं की हवेतला कार्बन डायऑक्साइड आता ४२० पीपीएमच्या पुढे गेलाय, आणि १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात झाली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. बसमध्ये शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोराला हा आकडा किरकोळ वाटला. दहा लाखांत चारशे वीस, त्यात काय? पण आमच्याकडे पीपीएम म्हणजे रिजेक्शन. दहा लाख बोल्टांमागे किती खराब निघाले ते. ३१५ चे ४२० झाले तर गिऱ्हाईक विमानाने येऊन बसेल आणि साहेबांना जेवण जाणार नाही. हा एकच शब्द कारखान्यातून माझ्याबरोबर पेपरात आला आणि खरा अर्थ घेऊन आला.

काकांमुळे आणखी एक गोष्ट कळली, शब्दांशी संबंध आहे म्हणून सांगतो. मी रोज ‘सिमला ऑफिस’ म्हणतो. रिक्षावाल्याला सांगतो, बसथांब्यावर वाचतो. पुण्यात सिमला कुठून आलं, हे कधी डोक्यात आलं नाही. हवामान खात्याचं मुख्यालय आधी सिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये इथे हलवलं आणि लोकांनी नाव तेच ठेवलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव राहिलं. म्हणजे मराठीतसुद्धा मी ओळखीच्या शब्दांना गेटपास विचारत नव्हतोच.

साताठ महिन्यांनी मोठे शब्द अंगवळणी पडले. मिटिगेशन म्हणजे मूळ कारण कमी करणं, ॲडाप्टेशन म्हणजे जे होणार आहे त्याला तोंड द्यायची तयारी, हे मुलीच्या सेमी इंग्रजीच्या पुस्तकापेक्षा मी चांगलं सांगू लागलो. आता अडायला लागले ते अगदी बारके शब्द. डाऊन, आउट, शॅल, शुड.

२०२१ च्या ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेबद्दलचा एक जुना लेख वाचत होतो. मसुद्यात कोळशाबद्दल ‘फेज आउट’ होतं. अगदी शेवटच्या घटकेला भारताच्या आग्रहावरून ते ‘फेज डाऊन’ झालं, आणि परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा माफी मागताना गळा दाटून आला. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. आउट आणि डाऊनसाठी कुणी रडतं? काकांना विचारलं. त्यांना मधुमेह आहे. म्हणाले, “डॉक्टरांनी मला गोड ‘कमी करा’ सांगितलंय, ‘बंद करा’ सांगितलेलं नाही. ह्या एका शब्दावर मी रोज संध्याकाळी पेढा खातो.” मग आत बघून, आवाज खाली आणून म्हणाले, “दोन.”

आपल्या देशाची बाजूही त्यांनी सांगितली. आपली बरीचशी वीज कोळशावर, आणि ज्यांनी शे-दीडशे वर्षं कोळसा जाळून घरं भरली त्यांनी आपल्याला तारीख द्यायची का, हा मुद्दा. मला दोन्ही बाजू पटल्या, आणि शब्द एवढा का ताणला गेला हे कळलं. नंतर २०२३ च्या दुबईच्या परिषदेत आणखी एक वाक्प्रयोग आला, ‘ट्रान्झिशनिंग अवे फ्रॉम’ जीवाश्म इंधनं. मुलीला म्हटलं, ह्याचं मराठी कर. ती म्हणाली, “पप्पा, हे म्हणजे तुमचं तंबाखूचं. सोडत नाही, पण सोडायच्या दिशेने असता.” त्या दिवसापासून तिला बातम्या दाखवणं कमी केलं. फेज डाऊन.

शॅल आणि शुडचा किस्सा तर आमच्या धंद्यातलाच. २०१५ मध्ये पॅरिसचा हवामान करार मंजूर व्हायच्या दिवशी अंतिम मसुद्यात श्रीमंत देशांनी काय करायचं तिथे ‘शुड’च्या जागी ‘शॅल’ पडलेलं आढळलं. शॅल म्हणजे बंधन, शुड म्हणजे अपेक्षा. अमेरिकेने हरकत घेतली, आणि शेवटी चुकीची दुरुस्ती म्हणून तो शब्द वाचून दाखवून बदलला. त्यानंतर करार झाला. मी वीस वर्षं पर्चेस ऑर्डरी हाताळतोय. त्यांच्या पाठीमागे बारीक अक्षरात ‘सप्लायर शॅल’ असं पंधरा ठिकाणी असतं आणि मी एकदाही वाचलं नव्हतं. त्या आठवड्यात सगळ्या चालू ऑर्डरी काढून वाचल्या. आम्ही काय काय कबूल करून बसलोय हे बघून साहेबांनी पाणी मागवलं.

‘लाइकली’चंही तसंच. वेधशाळेने पावसाची शक्यता सांगितली की पुण्यात लोक छत्री घरी ठेवतात, हा विनोद काकांसमोर करू नये एवढं मी शिकलो होतो. पण जगभरच्या शास्त्रज्ञांच्या आयपीसीसी अहवालात ‘लाइकली’ असं मोघम नसतं. लाइकली म्हणजे किमान ६६ टक्के, व्हेरी लाइकली म्हणजे किमान ९०, व्हर्च्युअली सर्टन म्हणजे ९९ च्या वर. आणि २०२१ च्या अहवालात माणसामुळे हवा, समुद्र आणि जमीन तापली का, ह्याला त्यांनी टक्केवारी लावलीच नाही. ‘अनइक्विव्होकल’ म्हटलं. निःसंशय. हा शब्द तोंडात बसवायला मला वाकडेवाडी ते नाशिक फाटा एवढं अंतर लागलं, आणि समोरच्या सीटवरच्या आजी दोनदा वळून पाहून गेल्या.

२५ जुलै २०२४ च्या पुराचं पान मात्र वहीत अर्धं आहे.

आदल्या रात्रीपासून कोसळत होता. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकता नगरीत ते घरांत शिरलं. आमच्या प्लेटिंगमधला एकजण तिकडे तळमजल्यावर राहतो. सकाळी त्याचा फोन लागेना. लागला तेव्हा म्हणाला, सगळे वर शेजाऱ्यांकडे आहोत, गाडी बुडाली, मुलाची दहावीची पुस्तकं गेली. दुसऱ्या दिवशी सवयीने पेपर उघडला. ‘डिस्चार्ज’ हा शब्द होता. ओळखीचा. माझ्या डोक्यात डिस्चार्ज म्हणजे दवाखान्यातून माणूस घरी येतो तो. इथे धरणाच्या डिस्चार्जने माणसं घराबाहेर पडली होती. वाक्य अर्धं उतरवलं आणि पेन बंद केलं. रविवारी आम्ही चौघं त्याच्याकडे गाळ काढायला गेलो. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला तपकिरी रेघ होती, सरळ, पट्टीने मारल्यासारखी.

क्युसेक हा शब्द पुण्यातल्या लहान पोरालाही माहीत असतो. भिडे पूल पाण्याखाली गेला का आणि किती क्युसेकने सोडलंय, हे पावसाळ्यातले आमचे दोन प्रश्न. क्युसेक म्हणजे ‘क्युबिक फीट पर सेकंद’, दर सेकंदाला एक घनफूट पाणी, हे मात्र मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर. वीस लिटरच्या जारने मोजू गेलं तर दीड जारच्या थोडं आत. मग पेपरातला हजारांचा आकडा घेऊन गुणाकार करत बसलो.

त्या पावसाला हवामान बदल जबाबदार का, असं कंपनीत सगळे मलाच विचारायला लागले, जसं काही मी पेपर छापतो. तिथे ‘ॲट्रिब्यूशन’ कामाला आला. एखाद्या घटनेत तापमानवाढीचा वाटा किती, हे हिशेब करून ठरवणं. ‘कॉज्ड बाय’ आणि ‘कन्सिस्टंट विथ’ ह्यांत फरक आहे. हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून मुसळधार पाऊस वाढणं हे त्या शास्त्राशी सुसंगत. पण अमुक गल्लीत अमुक रात्री पाणी का शिरलं, ह्यात नदीपात्रातला भराव, निळी पूररेषा, धरणाचं पाणी कधी आणि किती सोडलं, हे सगळं येतं. कोण चुकलं ह्यात मी पडत नाही. पण ‘हवामान बदलामुळे’ हा शब्द कुणी सगळ्यावर झाकण म्हणून वापरला की आता मला तो खटकतो, मराठीतही.

कंपनीच्या कामाचं म्हणाल तर ते हळूहळू सुधारलं. बोल्टांचा कच्चा माल, म्हणजे वायर रॉड, आम्ही बाहेरून घेतो, त्यामुळे बोल्टचा बराचसा कार्बन तिथूनच येतो, आणि तो आकडा समोरच्याकडून काढणं म्हणजे दात काढण्यासारखं. जर्मनीला लिहिलेल्या मेलमध्ये मी आधी ‘वुई शॅल सेंड’ लिहिलं, मग खोडून ‘वुई एक्स्पेक्ट टु सेंड’ केलं. साहेबांनी वाचून माझ्याकडे पाहिलं. “वकिलासारखा लिहायला लागलास की.” ते कौतुक होतं की तक्रार, अजून कळलेलं नाही. बोलताना मी अजूनही अडखळतो. वाचणं आणि बोलणं ह्या दोन वेगळ्या गाड्या आहेत, आणि माझी दुसरी गाडी डेपोतच आहे.

इंग्रजीला काही शब्द नाहीत, हेही ह्याच वहीत कळलं. ‘ओला दुष्काळ’ एका शब्दात सांगून दाखवा. कोरडा दुष्काळ म्हणजे ड्राउट, ज्याला मी कित्येक महिने ड्रॉट म्हणत होतो. पण अतिपावसाने पीक सडलं, घरात दाणा नाही, त्याला ते नुसतं ‘एक्सेस रेनफॉल’ म्हणतात. आणि वळीव? त्याला ‘प्री-मान्सून शॉवर’. त्यात मातीचा वास कुठे आहे?

२०२५ च्या मेमध्ये हा वळीव थांबेचना. २४ तारखेला मान्सून केरळात आला आणि २६ ला पुण्यात. एरवी जूनचा पहिला आठवडा उलटल्याशिवाय आम्ही त्याची वाट बघत नाही. पेपरात ‘अर्ली ऑनसेट’ होतं. मी गावाला होतो. काढलेला कांदा शेतात पातीसकट पडलेला, बराखीत भरायचा राहिलेला. आप्पा आणि मी ताडपत्री ओढत होतो आणि वाऱ्याने ती फुगत होती.

“तुझ्या इंग्रजीत काय म्हणतात ह्याला?” आप्पांनी ओरडून विचारलं.

मी खरंच विचार केला. अनसीझनल म्हणावं तर वेधशाळेच्या हिशेबाने हा मान्सूनच, फक्त लवकर आलेला. प्री-मान्सून कालपर्यंत होता.

“अजून ठरलं नाही, आप्पा.”

“बरं. मग तोवर ते टोक धर.”